तीनचा ठोका

पेटी लोखंडी होती, हिरवी, दोन कुलपांची.
एक किल्ली कार्यकारी अभियंत्यांकडे,
एक लेखापालांकडे,
आणि तिसरी, जी नव्हतीच,
ती कुठे असते हे शालिक उईकेला ठाऊक होतं.
मलाही.

सिव्हिल लाइन्सच्या त्या विभागीय कार्यालयात
चोवीस वर्षं निविदा लिपिक होतो मी.
लाखेचा वास बोटांना अजून येतो.
पाकीट हातात घेतलं की वजनावरून कळायचं:
हे कामठीचं, हे खापरखेड्याचं,
ह्यात डीडी आहे,
ह्यात नुसता कागद, संख्या भरायला.

निविदेच्या दिवशी जिन्यावर माणसं बसत.
नुसती बसत. खर्रा घोटत.
कुणाला हात लावत नसत,
वाट तेवढी देत नसत.

उमरेडहून चित्ररेखा पराते दोनदा आली.
पाकीट छातीशी धरून दुसऱ्या पायरीपाशी थांबली,
एकदा म्हणाली, "सरका ना दादा,"
आणि दादा सरकले, एकमेकांच्या जवळ.
मी वर कठड्याशी होतो.
घड्याळात तीन वाजले की नोंदवहीत रेघ मीच मारायचो.
दोन्ही वेळा मारली, पट्टी लावून, सरळ.

मग शासन निर्णय आला.
एप्रिलात प्रशिक्षण, पारा पंचेचाळीसवर,
कूलरच्या घरघरीत शिकवणाऱ्या पोराचा आवाज
अर्धाच पोचत होता.
सही म्हणजे आता हा तुकडा, तो म्हणाला,
भुईमुगाच्या शेंगेएवढा.
साहेबांनी तो चार दिवस खिशात मिरवला.
पाचव्या दिवशी माझ्या खणात,
मागे चिकटपट्टीवर पासवर्ड.

पहिल्या निविदेला जिना रिकामा होता
आणि फोन भरलेला.
"बाबू, चढूनच नाही रायलं!"
"बाबू, गोल गोल फिरून रायलं नुसतं!"
मी म्हणालो, तीन म्हणजे तीन.
आणि मनात आलं, आता तीन मी वाजवत नाही.
कुठल्याशा खोलीत, थंडगार, माझं तोंड न पाहिलेलं घड्याळ
परस्पर वाजवतं.

उघडलं तेव्हा पाच नावं.
चार कागदांत 'हमीपत्रा'चं 'हामीपत्र',
चौघांची चूक एक, दरात रुपया-रुपयाचा फरक.
साखळीनंही संगणक घेतला होता म्हणायचा.
पाचवं नाव पराते.
वेळ: दोन वाजून एक्कावन्न मिनिटं.
दर सगळ्यांत खाली.
साहेब पडद्याकडे पाहत राहिले,
पाकीट असतं तर कुठे तरी हरवलं असतं
अशा नजरेनं.

पेटीचं मग निर्लेखन काढलं.
भंगारसुद्धा आता ऑनलाइनच विकायचं.
राखीव किंमत तीनशे चाळीस रुपये,
तीनदा मुदतवाढ, बोली एकही नाही.
"पेटीले का करू, बाबू?" उईके विचारायचा.
शेवटी त्यानं तिच्यात कूलरची खस भरली.
फटीतून काड्या बाहेर आलेल्या,
पाणी मारलं की कार्यालयभर चांगला वास.

पुलाचं काम झालं, छोटाच पूल, नाल्यावरचा.
मोजमापं झाली.
बिल मात्र कुठल्याच पडद्यावर हलेना.
त्याला लागत होती एक सही, निळ्या शाईची,
आणि ती सही दौऱ्यावर होती,
आठ महिने.

मग एका दुपारी ती आली.
मी सवयीनं कठड्याशी.
जिन्यावर कुणी नव्हतं,
कोपऱ्यात खर्र्याच्या जुन्या पिचकाऱ्या तेवढ्या.
तरीही ती भिंतीला टेकून, अंग चोरून,
नसलेल्या गुडघ्यांना चुकवत
एकेक पायरी चढत होती.

वर आली. धाप टाकली.
"बिल कोणाकडं अडलं, भाऊ?"

खणात शेंगेएवढा तो तुकडा होता,
तिची फाइल त्याच्याच खाली.
मी घड्याळाकडे पाहिलं.
तीनला दहा कमी होते.